लोकर कातायला शिकवताना पहिल्या दिवशी काय हाती द्यावे?

प्रश्न :
गेली दोन वर्षे मी टकळीवर लोकर कातत आहे. आता ओळखीच्या आठ जणांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून कातायचे ठरवले असून शिकवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला धुतलेली लोकर आणि एक टकळी दिली. परंतु तासभर सर्वांचे धागे तुटत राहिले, टकळ्या जमिनीवर पडत राहिल्या आणि दोघी जणी पुढच्या वेळी आल्याच नाहीत. माझे कोठे चुकले? सुरुवातीलाच पायाने चालवायचा चरखा द्यायला हवा होता का?

उत्तर १ :
धुतलेली लोकर न पिंजता हाती दिली असेल, तर अडचणीचे मूळ तेथेच आहे, कारण गुंतलेले तंतू एकमेकांवरून सरकत नाहीत. आधी लोकर पिंजून तिचे सैल पेळू, म्हणजे कातण्यासाठीच्या लांबट गुंडाळ्या, करून द्यावेत. दुसरे असे की, टकळी फिरवणे आणि तंतू ओढणे ही दोन कामे नवशिक्याला एकाच वेळी साधत नाहीत. म्हणून टकळीला भरपूर पीळ द्यावा, ती गुडघ्यांत धरून थांबवावी, मग सावकाश तंतू ओढून साठलेला पीळ त्यांत चढू द्यावा. दोन हातांतील अंतर तंतूच्या लांबीपेक्षा थोडे अधिक असावे. एकाच तंतूची दोन्ही टोके पकडली गेली, तर कितीही जोर लावला तरी तो सरकणार नाही. धागा विरळ होऊन सुटत असेल तर पीळ कमी पडला आहे, आणि ओढताना लोकर अडत असेल तर पीळ न कातलेल्या भागात शिरला आहे, एवढे ओळखता आले की पुढचे हातच शिकतात.

उत्तर २ :
चरख्याची घाई करू नये असे माझे मत आहे. त्यात दोन हातांच्या जोडीला पायाचीही लय सांभाळावी लागते. लोकर मात्र तपासून पाहा. ती चिकट लागत असेल तर तिच्यातील मेण पुरते निघालेले नाही. हे मेण साधारण ४० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून धुण्याचे पाणी त्याहून बरेच गरम असावे आणि ते निवण्याआधीच लोकर बाहेर काढावी. चोळू मात्र नये, कारण गरम ओल्या तंतूंवरील सूक्ष्म खवले घर्षणाने एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा, म्हणजे न सुटणारा घट्ट थर, होतो. मेरिनोसारखी अतिशय बारीक लोकरही आरंभी टाळावी. मध्यम जाडीची, लांब तंतूंची लोकर हाताला लवकर वळते.

उत्तर ३ :
न आलेल्या दोघींना कृपया पुन्हा बोलवा आणि त्यांच्याकडे पिंजण्याचे काम द्या. आमच्या मंडळात एक गृहस्थ महिनाभर केवळ पेळू करत बसले होते. पुढे टकळी हाती घेतली तेव्हा तंतू किती ओढावा हे त्यांच्या बोटांना आधीच कळलेले होते. तसेच पहिले जाडेभरडे सूत कोणालाही टाकू देऊ नका. दोन धागे कातलेल्या दिशेच्या उलट पिळून दुपेडी करा, म्हणजे एकाचा बारीक भाग दुसऱ्याच्या जाड भागाशी जुळून बराचसा ओबडधोबडपणा झाकला जातो. सुताची लड (गुंडाळलेला वेढा) कोमट पाण्यात भिजवून वाळवली की पीळही स्थिरावतो.

प्रश्नकर्ती :
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. लोकर मी पिंजलीच नव्हती. येत्या बैठकीत टकळ्या बाजूला ठेवून आम्ही सगळे आधी पेळू करू, आणि त्या दोघींना मी आजच निरोप पाठवते.