गुलमर्गला पहिल्यांदा स्कीइंग: बर्फाचा अंदाज कसा बघायचा? तारखा सुचवा

सायली_नाशिक
नमस्कार मंडळी. मी, नवरा आणि दोन मैत्रिणी, चौघंही पहिल्यांदाच पायात स्की घालणार. गुलमर्ग पक्कं आहे, तारखा नाहीत. जानेवारीअखेर की फेब्रुवारीचा मध्य? बजेट माणशी ४५ हजार, विमान धरून. त्यावर एक रुपयाही जमणार नाही. एक अ‍ॅप आत्ताच २५ जानेवारीला बर्फ दाखवतंय, दुसरं त्याच दिवशी लख्ख ऊन. तिकिटं आता काढली तर स्वस्तात मिळतील, पण २०२४ च्या जानेवारीतले कोरड्या, पिवळ्या गुलमर्गचे फोटो आठवले की हात आखडतो.

म्युनिककर
थेट आल्प्समध्ये या! आम्ही दर हिवाळ्यात गार्मिशला जातो. आभाळाने दगा दिला तर उतारावर यंत्राने बर्फ तयार करतात, त्यामुळे तारखांची चिंता कमी. सोय, स्वच्छता, शिकवणं, सगळंच वेगळ्या दर्जाचं.

सायली_नाशिक
दादा, ४५ हजारांत व्हिसा आणि विमानच होईल जेमतेम. गुलमर्गबद्दल सांगा ना.

अण्णा_सातारा
डोळे झाकून जानेवारी. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलां असतो, काश्मीरची सगळ्यात कडक थंडी. तेव्हा बर्फ नाही तर कधी? आम्हाला गुडघाभर मिळाला होता.

ढगोबा
अण्णा, थंडी आणि बर्फ या दोन गोष्टी आहेत. २०२४ च्या जानेवारीतही चिल्लई कलां होताच, श्रीनगरला रात्री पारा शून्याखाली जात होता, तरी गुलमर्ग कोरडं. बर्फाला ओलावा लागतो आणि तो पश्चिमी झंझावात आणतात, भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानवरून येणारे. ते आले नाहीत तर नुसतीच हाडं गोठतात. त्या वर्षी खरा बर्फ महिनाअखेरीस सुरू झाला.

अण्णा_सातारा
एका वर्षावरून नियम ठरत नाही. पिढ्यान् पिढ्या काश्मिरी लोक चिल्लई कलां मानतात ते उगाच नाही.

ढगोबा
मानतातच, मीही मानतो. पण सायलीताईंना तिकीट काढायचंय, म्हणून नीट लिहितो.

दीड महिना पुढचा रोजचा अंदाज अजिबात धरू नका. तो बहुतेक मागच्या वर्षांच्या सरासरीवर बेतलेला असतो, तारीख फक्त चिकटवलेली. झंझावात येतोय हे साधारण आठवडाभर आधी दिसू लागतं, किती बर्फ पडेल हे तीन-चार दिवस आधी. युरोपियन आणि अमेरिकन, हवामान अंदाजाची दोन्ही संगणकी मॉडेलं उघडा. दोन्ही एकच दिवस दाखवत असतील तर भरवसा वाढतो. शिवाय हवामान खात्याच्या श्रीनगर केंद्राचं पत्रक रोज वाचा.

दुसरं म्हणजे उंची. श्रीनगर सुमारे १६०० मीटरवर, गुलमर्ग २६५०, गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरी ३१०० च्या आसपास आणि दुसरा अफरवट डोंगरावर ३९५० च्या घरात. हजार मीटर चढलं की तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं. म्हणजे श्रीनगरला ५ अंश आणि पाऊस असेल तर गुलमर्गला बर्फच. अ‍ॅपने कोणती उंची धरलीय ते आधी बघा. तुमची दोन अ‍ॅपं भांडतायत त्यात हेही एक कारण असू शकतं. शून्य अंशाची पातळी किती मीटरवर आहे ते पाहायची सवय लावा, त्याच्या दोनेकशे मीटर खालपर्यंत बर्फ टिकतो. आणि अंदाजात १० मिलिमीटर पाणी लिहिलं असेल तर जमिनीवर साधारण १० सेंटिमीटर बर्फ, हवा फार थंड असेल तर त्याहून जास्त आणि भुसभुशीत.

रेवा_डोंबिवली
वाऱ्याचं कुणीच बोलत नाहीये! आम्ही गेलो तेव्हा आभाळ निळंशार, बर्फ भरपूर, आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा बंद. कड्यावर वारा होता म्हणे. हॉटेलवाल्याला आदल्या रात्रीच माहीत होतं, पण त्याने सांगितलं नाही. अजून राग आहे.

ढगोबा
बरोबर, अंदाज पाहताना ४००० मीटरचा वाराही बघावा. पण नवशिक्यांना दुसरा टप्पा लागतच नाही. शिकायचे उतार खाली गुलमर्गच्या मैदानातच आहेत.

विदर्भ_एक्स्प्रेस
+१ ढगोबा. फेब्रुवारी करा. उंचीचं तर नक्की बघा, अ‍ॅपमध्ये उंची चुकीची असते.

हिमांशू_ट्रेकर
मैदानातच थांबणार असाल तर उत्तम, तरी हे वाचाच. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले, २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन. ताजा जाड थर आणि त्यावर वारा, की पुढचे एक-दोन दिवस उतार सगळ्यात धोकादायक. डीजीआरई ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था जिल्हावार हिमस्खलनाचा इशारा काढते. धोक्याच्या पाच पायऱ्यांतली तिसरी असली तरी नवशिक्याने आखलेल्या उताराबाहेर पाय टाकू नये. गाइड 'चला, वर पावडर (ताजा भुसभुशीत बर्फ) आहे' म्हणाला तरी नाही म्हणा. मी हे कळकळीने सांगतोय.

म्युनिककर
आमच्याकडे हा इशारा रोज उताराच्या दिशेनुसार येतो.

रेवा_डोंबिवली
आणखी एक, प्रीपेड सिम तिथे चालत नाही, बाहेरच्या राज्यांचं फक्त पोस्टपेड चालतं. अंदाज वाचायला नेटच नसेल तर हा सगळा अभ्यास वाया. जाण्याआधी एक तरी कार्ड पोस्टपेड करून घ्या.

अण्णा_सातारा
स्कीइंगला उत्तराखंडातलं औलीही चांगलं आहे, रेल्वेने स्वस्त पडेल.

हिमांशू_ट्रेकर
अण्णा, औलीखालचं जोशीमठ गाव खचू लागलं तेव्हा, २०२३ च्या जानेवारीत, औलीचा रोपवे बंद झाला. चौकशी केल्याशिवाय सुचवू नका. बर्फाची हमी तर फेब्रुवारीतही नाही. २०२५ मध्ये गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून ९ ते १२ मार्चवर गेल्या.

सायली_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री चौघं बसलो आणि मार्चचा पहिला आठवडा धरला. कुणीच सुचवला नव्हता, पण हिमांशूंच्या शेवटच्या ओळीने धीर आला. तोवर हिवाळाभराचा थर साचलेला असेल, थंडी सोसवेल आणि विमानाचं तिकीट बरंच स्वस्त मिळतंय. परतीची तारीख बदलता येईल असं तिकीट घेतलं.

अण्णा_सातारा
मार्चमध्ये दुपारी चिखल होतो. पुन्हा विचार करा.

ढगोबा
चिखल नाही, पण ओला, जड बर्फ होतो हे खरं. रात्री गोठतो म्हणून पहाटे काचेसारखा कडक, दुपारी ढिला. मधले तास, साडेदहा ते एक, शिकायला झकास. शिकवणी त्याच वेळेची मागा. आणि रात्री ढग असतील तर तो नीट गोठत नाही, त्या दिवशी लवकर आटपा.

विदर्भ_एक्स्प्रेस
मार्चात गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गपासून वर चाकांना साखळ्या लावलेली, चेनवाली गाडी लागते का हो? आमचाही तेव्हाच बेत आहे.