विषय: जर्मनीतल्या घराचे नेबेनकोस्टन (भाड्याशिवायचा हीटिंग, पाणी, कचरा वगैरे खर्च): वरचे ५४० युरो, मार्चमध्ये गेलेल्याने किती द्यायचे?

ऋचा:
नमस्कार मंडळी,
२०२४ ची अब्रेखनुंग, म्हणजे या खर्चाचा घरमालकाकडून येणारा वार्षिक हिशोब, आली. एकूण खर्च २७००, त्यात हीटिंग १०८०. आम्ही तिघं मिळून महिन्याला १८० आगाऊ भरत होतो, म्हणजे वरचे ५४० द्यायचे. खोल्या तीन. तिसऱ्या खोलीतला मार्चअखेर गेला, १ एप्रिलला दुसरा आला. खोलीमागे १८०, त्यातले जुन्याचे तीन महिन्यांचे ४५ आणि नव्याचे १३५, असं मांडलं तर नवा ऐकत नाही. महिनाअखेर पैसे भरायचेत. सांगा.

मंदार:
ऋचा, नवा ऐकत नाही ते बरोबरच आहे. ५४० वाटूच नकोस. आधी पूर्ण २७०० वाट, मग ज्याने त्याने आगाऊ भरलेले वजा कर.

हीटिंग महिन्यांवर वाटायचं नसतं. त्यासाठी ग्राडटाग्सत्सालचा, म्हणजे कोणत्या महिन्यात किती थंडी यावरून हीटिंगचे भाग पाडणारा, तक्ता आहे, वर्षाचे १००० भाग: जानेवारी १७०, फेब्रुवारी १५०, मार्च १३०, एप्रिल ८०, मे ४०, जून ते ऑगस्ट मिळून ४०, सप्टेंबर ३०, ऑक्टोबर ८०, नोव्हेंबर १२०, डिसेंबर १६०. पहिले तीन महिने म्हणजे पाव वर्ष, पण ४५० भाग.

खोलीमागे हीटिंग ३६०. जुन्याचे १६२, नव्याचे १९८.
बाकीचे १६२०, खोलीमागे ५४०. हे महिन्यांवर: १३५ आणि ४०५.
आगाऊ भरलेले खोलीमागे महिना ६०.
जुना: २९७ वजा भरलेले १८० = ११७.
नवा: ६०३ वजा ५४० = ६३.
तुम्ही दोघी प्रत्येकी १८०. बेरीज ५४०.

एक बघून घे: १०८० मध्ये गरम पाणी धरलंय का? असेल तर तेवढं बाजूला काढून महिन्यांवर वाट. आंघोळ जुलैतही करतोच.

सुधीरकाका:
मंदारचं गणित चोख आहे, पण गेलेला देईल का? करारावर तिघेही हाउप्टमीटर (मुख्य भाडेकरू) असतील तर घरमालक सगळी रक्कम कोणाही एकाकडे मागू शकतो. आतली वाटणी तुमची तुम्ही बघायची. म्हणून ऋचा, आधी मुदतीत पूर्ण ५४० भरा, मग मागत बसा. २०२४ ची अब्रेखनुंग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत हातात पडली असेल तर वेळेत आली. त्यानंतर आली असेल तर सहसा वरचे पैसे मागताच येत नाहीत, तेव्हा पाकीट हातात पडल्याची तारीख बघा.

आणि नव्याने जुन्याला डिपॉझिट परस्पर पूर्ण द्यायची ही पद्धत सर्वांनी सोडा. अब्रेखनुंग येईपर्यंत १५० तरी मागे ठेवावेत, आणि तसं दोघांच्या सहीने लिहून.

गौरी:
मंदारदादा, तक्ता हा शेवटचा उपाय. रेडिएटरवरच्या मापकाचा आकडा घर सोडताना टिपलेला असेल तर तोच धरावा. जानेवारीत खिडकी तिरकी उघडी ठेवून झोपणारा आणि रेडिएटर पाचाऐवजी दोनवर ठेवणारा यांना तक्ता सारखंच मोजतो.

मात्र दोन खोल्यांचे आकडे थेट ताडून बघू नका. ते किलोवॅट-तास नसतात. बऱ्याच मापकांत रेडिएटरच्या आकारानुसार गुणक लावावा लागतो. तो सहसा अब्रेखनुंगमध्ये प्रत्येक मापकाच्या नंबरासमोर छापलेला असतो. आकडा गुणिले गुणक, मग तुलना. शिवाय हीटिंगचा सहसा फक्त ५० ते ७० टक्के भाग वापरावर असतो, उरलेला क्षेत्रफळावर. मोठ्या खोलीवाल्याने रेडिएटर बंद ठेवला तरी तो भाग चुकत नाही. स्वयंपाकघर आणि बाथरूमचे रेडिएटर सगळ्यांचे.

निखिल:
क्षेत्रफळाचा विषय निघालाच आहे तर: सहा आठवडे भारतात जाणाऱ्याचं काय? आमच्याकडे दर उन्हाळ्यात हाच वाद.

गौरी:
भाडं, इंटरनेट, कचरा, हाउसमाइस्टर (इमारतीची देखभाल करणारा), विमा पूर्ण द्यायचं. खोली अडलेलीच असते. पाणी आणि किराणा हजेरीच्या दिवसांवर. तेल, तूरडाळ, तांदूळ सामायिक. मटण, चीज, बिअर ज्याचं त्याने. खर्चवाटणीच्या ॲपमध्ये बिल टाकतानाच वेगळं काढा, महिनाअखेरीस कोणाला आठवत नाही.

सुधीरकाका:
रुंडफुंकबाइट्राग (रेडिओ-टीव्हीचं सक्तीचं शुल्क) विसरू नका. घरामागे एकच, महिना १८.३६; तिघांत ६.१२. नव्याच्या नावाने पत्र येईल, त्याला उत्तरात भरणाऱ्याचा बाइट्राग्सनुमर (शुल्काच्या खात्याचा नंबर) कळवायचा. पत्र बाजूला टाकलं तर दुसरं खातं उघडतं.

सचिव:
विनंती: ऋचाने मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीच्या मेलला उत्तर देऊन फक्त विषय बदलला आहे, त्यामुळे वर्गणीची उत्तरं इथे हरवत आहेत. नवीन मेल सुरू करत जा. करारनाम्याचे नमुने निवास समितीकडे आहेत, ते तिथूनच घ्यावेत. प्रत्येकाने स्वतःचा मसुदा फिरवू नये.

मंदार:
सचिव, समितीच्या नमुन्यात घर सोडताना मापकाचा आकडा लिहायची ओळच नाही. ती घाला, त्याशेजारी मापकाचा नंबर आणि तारीख.

ऋचा, ११७ मागताना नुसता आकडा पाठवू नकोस. अब्रेखनुंगची सगळी पानं, तक्ता आणि वरची वजाबाकी एकत्र पाठव. जुन्याने आकड्याचा फोटो काढला असेल तर तो आधी माग.