मदत हवी आहे : डोमिनियन या पत्त्यांच्या खेळात एकच नवं पान तीन नियम हलवू पाहतात, आधी कोण?

झब्बू
'प्रॉस्परिटी' (2022 ची दुसरी आवृत्ती) आणि 'एम्पायर्स' हे दोन विस्तार (जादा पानांचे संच) एकत्र लावलेत. टिआरा खेळून झालाय, वॉचटॉवर हातात आहे, आणि व्हिला विकत घेतला. टिआरा म्हणतो, मिळवलेलं पान हवं तर गड्डीवर (जिथून पानं ओढतो तिथे) ठेव. वॉचटॉवर म्हणतो, मला दाखव आणि गड्डीवर ठेव किंवा ट्रॅश कर (आपल्या पानांतून काढून ट्रॅशच्या ढिगात टाक). व्हिला म्हणतो, मला हातात घे, एक अॅक्शन वाढव, बाय फेज (पाळीतला विकत घेण्याचा टप्पा) चालू असेल तर अॅक्शन फेजमध्ये (अॅक्शन पानं खेळण्याच्या टप्प्यात) परत जा. आधी कोणाचं ऐकायचं? व्हिला ट्रॅश झाला तर अॅक्शन मिळते का?

बदामराणी
क्रम तुम्ही ठरवायचा. एकाच खेळाडूच्या दोन-तीन गोष्टी एकाच वेळी लागू झाल्या की निवड त्याची.

पण आधी पान खरोखर डिस्कार्डवर (टाकलेल्या पानांच्या ढिगावर) ठेवा. हातात धरून वाद घालत बसलं की घोळ होतो. व्हिला ढिगातून उचलला, डिस्कार्डवर पडला, तो 'मिळवला'. बाकी सगळं त्यानंतर.

आता तिन्ही नियमांना व्हिला डिस्कार्डवर असणं अपेक्षित आहे. पहिल्याने तो हलवला की उरलेल्यांना तो सापडत नाही, मागे धावून आणता येत नाही. म्हणून टिआराने गड्डीवर ठेवलात तर व्हिला हातात येणार नाही. उलट आधी हातात घेतलात तर टिआरा आणि वॉचटॉवर दोघांनाही तो हलवता येत नाही.

अडतं ते फक्त हलवणं. +1 अॅक्शन आणि अॅक्शन फेजमध्ये परतणं पान कुठे आहे यावर अवलंबून नाही, त्यामुळे व्हिला ट्रॅशमध्ये गेला तरी दोन्ही मिळतात. गड्डी बारीक ठेवणाऱ्याला हे सोयीचंच.

झब्बू
मग माइन या पानाने सिल्व्हर ट्रॅश करून गोल्ड थेट हातात मिळवला, तर वॉचटॉवर चालणार नाही ना? तो डिस्कार्डवर कधी गेलाच नाही.

बदामराणी
चालतो. 'अपेक्षित जागा' म्हणजे पान जिथे मिळवलं ती जागा. माइनमध्ये ती हात आहे, म्हणून वॉचटॉवर गोल्ड हातातून गड्डीवर नेऊ शकतो. न्यावा का, तो वेगळा प्रश्न. हातातला गोल्ड याच पाळीत 3 नाणी देतो.

प्रतिस्पर्ध्याच्या विच या पानाने दिलेला कर्स (उणे गुणांचं पान) वॉचटॉवरने ट्रॅश केलात तरी तो मिळवलेलाच धरला जातो. तो ढिगात परत ठेवू नका. दोघांच्या खेळात कर्स 10 च असतात, आणि तो ढीग संपला की खेळ संपवणाऱ्या तीन ढिगांत त्याचीही गणती होते.

इस्पिकएक्का
पिसण्याची वेळ राहिली, आणि बहुतेक टेबलांवर चूक तिथेच होते. गड्डी संपली म्हणून पिसायचं नसतं. पान हवं आहे आणि गड्डीत नाही, तेव्हाच पिसायचं.

समजा गड्डीत नेमकी 3 पानं आहेत. स्मिदी (3 पानं ओढायला देणारं पान) खेळलात, तिन्ही ओढली, गड्डी रिकामी. इथे थांबा. गोल्ड घ्या, क्लीनअपमध्ये (पाळीच्या शेवटी) हात आणि खेळलेली पानं डिस्कार्ड करा, मग 5 ओढताना पिसा. गोल्ड त्या पिसण्यात येतो. घाईने आधीच पिसलंत तर गोल्ड, स्मिदी आणि हातातलं सगळं एक फेरी मागे पडतं.

गड्डीत 2 च असतील तर मात्र तिसऱ्या पानासाठी स्मिदीच्या मध्येच पिसावं लागतं. तेव्हा ती स्मिदी आणि नंतर घेतलेला गोल्ड दोन्ही बाहेर राहतात. अशा वेळी स्मिदी खेळावी का, याचा दोनदा विचार करा.

झब्बू
आणि रिकाम्या गड्डीवर टिआराने गोल्ड ठेवला तर?

इस्पिकएक्का
तो एकटाच गड्डी. क्लीनअपमध्ये आधी तो ओढा, मग डिस्कार्ड पिसून उरलेली 4.