'व्हेंडर' म्हणजे विक्रेता की पुरवठादार?

सॉफ्टवेअरच्या करारनाम्यात 'व्हेंडर'साठी 'विक्रेता' लिहावे की 'पुरवठादार', असा प्रश्न आला आहे. माझा कल 'पुरवठादार'कडे आहे, कारण माल हाती पडून पैसे चुकते झाले की विक्रेत्याशी असलेला संबंध बहुधा संपतो, तर सॉफ्टवेअरच्या बाबतीत तो तिथूनच खऱ्या अर्थाने सुरू होतो. कायदा मात्र थोडा आडवा येतो. टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली तयार सॉफ्टवेअरला विक्रीकरापुरते 'माल' मानले, त्यामुळे 'विक्रेता' लिहिणाऱ्याला अगदीच चूक ठरवता येत नाही.

घेणाऱ्याला काय म्हणावे, हे अधिक अवघड आहे. 'ग्राहक' आणि 'गिऱ्हाईक' एकाच मुळातले, पण पहिल्याला पंचायत मिळाली आणि दुसऱ्याच्या वाट्याला 'गिऱ्हाईक करणे' हा वाक्प्रचार आला. त्यातही 2019च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू वा सेवा घेणारा, स्वयंरोजगाराचा अपवाद वगळता, 'ग्राहक' ठरत नाही. म्हणून करारात हा शब्द व्याख्येशिवाय वापरू नये.

वार्षिक वर्गणी भरून सॉफ्टवेअर वापरणाऱ्याची स्थिती ज्यात नेमकी उतरते, असा जुना शब्द मला 'कूळ' वाटतो. कूळ जमीन कसते, दरवर्षी खंड भरते, पण मालकी दुसऱ्याची असते. सावकाराच्या वहीतला ऋणकोही कूळच. फरक इतकाच की शेतातल्या कुळासाठी 1948चा कुळकायदा झाला आणि 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कसणाऱ्या कुळांनी जमीन खरेदी केली असे कायद्याने मानले गेले, तर सॉफ्टवेअर वीस वर्षे कसले तरी सातबाऱ्यावर नाव चढत नाही. हा शब्द करारात घालावा असे मी सुचवत नाही. 'परवानाधारक' रूढ आहे, जरी 'परवाना' म्हटले की मला सरकारी कचेरीच आठवते.

बोलीने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत रोखपालाच्या संगणकावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर 'सॉफ्टवेअरवाले' एवढेच लिहून खाली दोन नंबर दिलेले आहेत, त्यांतला एक पेनाने खोडलेला आहे. मार्चअखेरीस व्याजाची आकारणी अडली, की तिथे "सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावा" असे आदरार्थी बहुवचनात सांगितले जाते. तीनदा रिंग वाजूनही कोणी उचलला नाही, की ते बहुवचन एकवचन होते.