श्पिट्झवेगचा शिडीवरचा म्हातारा: टिंगल की कौतुक?

अजिंक्यतारा: कार्ल श्पिट्झवेग या जर्मन चित्रकाराचं 'पुस्तकी किडा' हे १८५० च्या सुमाराचं चित्र बघा. शिडीच्या टोकाला उभा म्हातारा, एक पुस्तक पार नाकाला लावलेलं, दुसऱ्या हातात दुसरं, एक काखेत, एक गुडघ्यांत दाबलेलं आणि खिशातून रुमाल लोंबतोय. ही जगाकडं पाठ फिरवलेल्या संग्राहकाची टिंगल आहे असं सगळे म्हणतात, मला अजिबात पटत नाही. त्यानं एकही पुस्तक मिरवायला धरलेलं नाही, शिडीवरनं सारखी चढउतार नको म्हणून हाताला लागली ती सगळी धरून ठेवलीत, वाचनालयात वरच्या फळीवर ज्यानं पुस्तकं धुंडाळलीत त्याला हे लगेच कळेल.

कृष्णाकाठ: दादा, टिंगलच आहे ती. साल बघा की. १८४८ ला जर्मनीत क्रांती झाली, माणसं रस्त्यावर मेली, आणि दोनच वर्षांत हा गृहस्थ 'मेटाफिजिक्स'च्या, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या जगापलीकडच्या तत्त्वज्ञानाच्या, कपाटापाशी! खाली कोपऱ्यात पृथ्वीचा गोल आहे, त्याच्याकडं ढुंकून बघत नाही. पायाखालची जमीन तर चित्रात दिसतच नाही. चित्रकारानं हे उगाच केलंय का?

अजिंक्यतारा: मग प्रकाशाचं काय? वरनं तिरपं ऊन येतंय ते थेट त्या म्हाताऱ्यावर आणि उघड्या पानांवर. हसायचंच होतं तर इतक्या मायेनं रंगवला असता का? श्पिट्झवेग मूळचा औषधं बनवणारा माणूस, चित्रकला स्वतःच्या स्वतः शिकलेला, म्हणजे नादी माणूस काय असतो हे त्याला आतनं ठाऊक होतं.

औंधकर: संग्रह करणारा जगाला विसरतो हे आमच्या साताऱ्याकडच्या औंधात येऊन सांगा. इथल्या संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ ला भवानी संग्रहालय उभं केलं तेव्हा ते सत्तरीचे होते. रविवर्म्याची चित्रं, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं शिल्प, सगळं यमाईच्या डोंगरावर. आणि पुढच्याच वर्षी त्याच माणसानं संस्थानाचा कारभार रयतेच्या हातात दिला. दोन्ही एकाच माणसाचं काम.

कृष्णाकाठ: पंतांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे साहेब. त्यांनी गोळा केलेलं लोकांसाठी उघडलं. चित्रातल्या त्या एवढ्या मोठ्या दालनात दुसरा माणूस आहे का एक तरी?

सांगलीची ताई: २०१९ च्या पुरात आमच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं, किती पुस्तकांचा लगदा झाला. तेव्हापासून मला त्या चित्रात आधी फळ्याच दिसतात, इतकी जुनी पुस्तकं जागच्या जागी राहिली ती अशाच कुणाच्या तरी वेडापायी. त्याला किडा म्हणवत नाही मला.

कृष्णाकाठ: ताई, पुस्तकं सांभाळणाऱ्याला मी हात जोडतो. पण हा सांभाळत नाही, हरवलाय.

अजिंक्यतारा: वाचताना माणूस हरवणारच, त्यात दुसरा कशाला लागतो? गोलाचं तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही हे खरं. पण उन्हाचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.