कार्गो कंपनीत फर्स्ट ऑफिसर, बेस चेन्नई: कुटुंब नागपुरात ठेवायचं की हलवायचं?

कोरं_लॉगबुक

मालवाहू विमान कंपनीचं ऑफर लेटर हातात आलंय. विमान ७३७ फ्रेटर, काम जवळपास सगळं रात्रीचं. बेस चेन्नई लिहिलाय, पण खाली 'कंपनीच्या गरजेनुसार बदलू शकतो' ही ओळ आहेच. बायको नागपुरात शिक्षिका, नोकरी कायम. मुलगी साडेचार वर्षांची. आई-वडील नरेंद्र नगरला स्वतःच्या घरात. टाइप रेटिंग, म्हणजे या विमानाचं खास प्रशिक्षण, पुढच्या महिन्यात सुरू होतंय.

सगळ्यांना चेन्नईला न्यावं, की कुटुंब इथेच ठेवून ये-जा करावी? घरचे म्हणतात, बेसा-बेलतरोडीकडे फ्लॅट बुक करून टाक, भाव वाढून राहिले. या क्षेत्रातल्या लोकांनी नीट सांगावं.

रात्रीचा_रोस्टर

भाऊ, आत्ता काहीच हलवू नका आणि काहीच बुक करू नका. आधी ग्राउंड क्लास, मग सिम्युलेटर, मग स्किल टेस्ट, बेस ट्रेनिंगची सर्किट्स, त्यानंतर सुपरवाइज्ड लाइन फ्लाइंग, म्हणजे देखरेखीखाली नेहमीची उड्डाणं, आणि शेवटी रिलीज, म्हणजे देखरेखीशिवाय उडायची मोकळीक. सिम्युलेटर बेसच्याच शहरात असेल असं नाही. स्लॉट मिळत नाही, एक्झामिनर उपलब्ध नसतो, विमान चेकला जातं, अशा कारणांनी हे सगळं लांबतच जातं. रिलीज होईपर्यंत तुमच्या हातात खरा रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, नसतो. आणि तो नसताना राहायचं कुठे हे ठरवणं म्हणजे मोजमाप न घेता कपडे शिवणं. तोवर कुटुंब आहे तिथेच राहू द्या. रिलीजनंतर तीन महिन्यांचे रोस्टर जमा करा आणि मग बसून हिशेब करा.

हिशेब असा. नियमांत 'होम बेस' म्हणजे कंपनीने नेमून दिलेली जागा, जिथून तुमची ड्युटी सुरू होते आणि जिथे संपते. कंपनीने तुम्हाला दुसऱ्या स्टेशनला पाठवलं तर ते पोझिशनिंग, ते ड्युटीत मोजलं जातं. नागपूरच्या घरून चेन्नईला जाणं हा मात्र तुमचा खासगी प्रवास, तो कुठेच मोजला जात नाही. म्हणजे सकाळी सातला घर सोडून, मुंबईत विमान बदलून, दुपारी तीनला चेन्नईत पोहोचून, रात्री साडेदहाला रिपोर्ट केलंत, तर कागदावर तुम्ही ताजेतवाने असता. शरीर मात्र पंधरा तासांहून जास्त वेळ जागं असतं, आणि पुढे पहाटे दोन ते सहाचा काळ येतो, ज्यात झोप सगळ्यात जास्त ओढते. ये-जा करणाऱ्यांचं गणित बहुतेक इथेच चुकतं. तिकिटाचे पैसे सगळे मोजतात, जागेपणाचे तास कोणी मोजत नाही.

म्हणून रिपोर्टिंगच्या किमान आठ-नऊ तास आधी बेसवरच्या खोलीत असायला हवं आणि त्यातले चार-पाच तास झोपायला हवेत. शिवाय जे विमान पकडाल ते रद्द झालं तरी त्यानंतरच्याने वेळेत पोहोचता आलं पाहिजे. असं दुसरं विमान नसेल तर आदल्या दिवशी निघा. वाटेत विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरं तिकीट बुडालं, आणि कंपनीत 'नो शो' लागतो तो वेगळाच.

आता घरी किती वेळ मिळतो ते बघा. शेवटची रात्र शनिवारी सकाळी साडेसहाला संपली. खोलीवर दुपारी एकपर्यंत झोप, संध्याकाळचं विमान, रात्री दहाला नागपूर. सोमवारी रात्री रिपोर्टिंग असेल तर त्याच दिवशी पहाटे निघायला लागतं, नाहीतर रविवारी रात्रीच. म्हणजे रोस्टरवर साठ तासांची सुट्टी दिसते, घरी जेमतेम तीस पडतात. त्यातले पंधरा झोपेत. महिन्यातून चार वेळा हे केलं आणि एका बाजूचं तिकीट सहा हजार धरलं, तर ४८ हजार रुपये प्रवासात आणि बेसवरच्या खोलीच्या भाड्याचा वाटा वेगळा.

स्टँडबाय विसरू नका. स्टँडबायला बोलावल्यावर ठरलेल्या वेळेत विमानतळावर हजर व्हावं लागतं, ते नागपुरात बसून होत नाही. रोस्टरमध्ये महिन्याला सहा-सात दिवस स्टँडबाय असेल तर ते सगळे बेसवरच जातात. स्टँडबायचे दिवस किती, हे मुलाखतीत कोणी विचारत नाही. एचआरला नव्हे, क्रू शेड्युलिंगला विचारा.

झिरो_माईल

वरच्या सगळ्याशी सहमत. आपल्याकडे एक भ्रम आहे, की नागपूर देशाच्या मधोमध आहे, तेव्हा कुठूनही जवळच. नकाशावर आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री आपल्या सोनेगाव विमानतळावर येऊन टपालाच्या पिशव्या बदलून परत जायची. त्या काळी कार्गो पायलटला नागपूरसारखी जागा नसती. आज तुमच्या कंपनीचा हब नागपुरात नाही, तेव्हा किलोमीटर मोजू नका, वेळापत्रक मोजा. नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पाच्या नावात कार्गो हब आहे म्हणून उद्या इथे बेस उघडेल, या आशेवर तर फ्लॅट अजिबात घेऊ नका.

रेल्वे फक्त मोठ्या सुट्टीसाठी. तमिळनाडू एक्सप्रेस आणि ग्रँड ट्रंक नागपूरहून थेट जातात, पण एका बाजूला पंधरा-सतरा तास.

कोरं_लॉगबुक

रिलीजपर्यंत थांबायचं, हे पटलं. पण समजा नंतर हलवायचं ठरलं, तर मुलीच्या शाळेचं काय? आणि चेन्नईत कोणता भाग?

पल्लावरम_पॉइंट

मुलगी साडेचार वर्षांची आहे, हीच तुमची सगळ्यात मोठी सोय. तामिळनाडूत शाळेत तमिळ शिकावंच लागतं. पहिलीत जाणारं मूल ते खेळता खेळता उचलतं, सातवी-आठवीतून गेलेल्या मुलाचे हाल होतात. म्हणजे जायचंच असेल तर पहिलीच्या आधी किंवा पहिलीतच. नागपुरात आत्ताच प्रवेश घेताय तर सीबीएसई घ्या, म्हणजे पुढे बदली सोपी पडते. सत्राचं गणितही बघा. सीबीएसई एप्रिलपासून, आपल्या विदर्भात राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. मध्येच हलवलं तर दोन महिन्यांचा अभ्यास कुठे गेला ते कळत नाही.

भाग: चेन्नई विमानतळ मीनंबाक्कमला, शहराला लागूनच आहे. पल्लावरम, क्रोमपेट, नंगनल्लूर, आलंदूर, सगळे हाताशी. पण भाड्याने घेताना तळमजला नको, आणि सखल भागात तर नकोच. डिसेंबर २०१५ च्या पुरात विमानतळच काही दिवस बंद होता, डिसेंबर २०२३ च्या मिचाँग वादळातही बंद करावा लागला. वेलाचेरीचं नाव दर पुरात येतं. घर बघायला ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात जा, एप्रिलमध्ये सगळे रस्ते कोरडेच दिसतात.

उद्या बेस बंगळुरू झाला तर सगळं उलटं. तिथला विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून ३५-४० किलोमीटर. मग हेब्बाळ, जक्कूर, येलहंका ही उत्तरेची बाजू धरायची. दक्षिण बंगळुरूत नातेवाईक आहेत म्हणून तिकडे घर घेणारे संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये रिपोर्टिंगला तीन तास आधी निघतात.

आरएल_दाखवा

फ्लॅटबद्दल. घरच्यांना स्पष्ट सांगा, आत्ता नाही. नवीन एफओचा (फर्स्ट ऑफिसरचा) पगार दोन भागांत असतो, ठरलेला आणि उड्डाणाच्या तासांवरचा. विमान चेकला गेलं, मेडिकल अडलं, की दुसरा भाग गळतो. हप्ता फक्त ठरलेल्या भागात बसला पाहिजे. तुमच्याकडे तर बायकोची कायम नोकरी आहे, कर्ज तिच्या पगारावर बसवा. घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. जोडीने नाव लावलं की ती जाते. कर्ज घेण्याआधी लॉस ऑफ लायसन्सचा विमा (मेडिकलमुळे लायसन्स गेलं तर पैसे देणारा) घ्या, नंतर नाही. ट्रेनिंग बाँड (आधी सोडलं तर पैसे भरायचा करार) किती वर्षांचा आणि किती रकमेचा, तेही याच हिशेबात धरा. एफओला सहा महिन्यांचा नोटीस काळ असतो, म्हणजे कंपनी बदलून बेस बदलणं एका महिन्यात होत नाही.

बेसा-बेलतरोडीकडे बघताच आहात तर चार कागद. लेआउट मंजूर आहे का, एन. ए. (जमीन अकृषिक) झालं आहे का, प्लॉटचं आर. एल. (प्राधिकरणाकडून प्लॉटला मिळणारं पत्र) आहे का, आणि तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र. नवीन स्कीम असेल तर महारेराचा नंबर स्वतः साइटवर टाकून बघा, ब्रोशरवर छापलेला नको. त्या बाजूचा बराच भाग महापालिकेच्या बाहेर, एनएमआरडीएच्या (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत आहे. तेव्हा मे महिन्यात पाणी नळाचं येतं, बोअरचं की टँकरचं, हे वॉचमनला विचारा. बिल्डर 'लवकरच लाइन येणार' एवढंच सांगेल.

आणि नवीन कररचनेत घरभाड्याची सूट नाही, स्वतः राहता त्या घराच्या कर्जव्याजाचीही नाही. दोन घरं चालवणाऱ्याने दोन्ही रचनांचे आकडे मांडून बघावेत.

रात्रीचा_रोस्टर

यात एवढंच घालतो, की नरेंद्र नगरचं घर तुमच्या कामासाठी वाईट नाही. विमानतळ जवळ, आजी-आजोबा मुलीजवळ. मेट्रोच्या भरवशावर पहाटेचं विमान धरू नका, पहिली गाडी सहाच्या सुमारास असते आणि एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. जोराच्या पावसात नरेंद्र नगरच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं, तेव्हा मनीष नगरच्या उड्डाणपुलावरून वर्धा रोडला निघा. पुढे कधी अंबाझरीच्या खाली, नाग नदीकाठी घर बघितलंत, तर २३ सप्टेंबर २०२३ ला पाणी त्या गल्लीत कुठवर आलं होतं ते शेजाऱ्याच्या भिंतीवर बघून या.

कोरं_लॉगबुक

सगळ्यांचे आभार. रिलीजपर्यंत कुटुंब नरेंद्र नगरलाच, फ्लॅटचा विषय बंद, स्टँडबायचे दिवस विचारून घेतो. एक शेवटचं. सुट्टीवर घरी आल्यावर दिवसा झोपायची खोली कशी करावी? मे महिन्यात वरच्या मजल्यावर दुपारी भट्टी होते.

चिंचभुवन_विंड

खोली खालच्या मजल्यावरची घ्या, उत्तर किंवा पूर्वेची. पश्चिमेची भिंत आणि वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उष्णता सोडतो, त्यामुळे वरच्या खोलीत एसीसुद्धा हरतो. जूनच्या मध्यापर्यंत खसचा कूलर उत्तम. त्याची घरघर रस्त्याचा आवाज झाकते, आणि तो साध्या इन्व्हर्टरवर चालतो, एसी तसा चालत नाही. पण कूलर लावताना समोरची खिडकी बोटभर उघडी हवी, नाहीतर दमट हवा कोंडते आणि दोन तासांत अंगाला चिकटपणा येऊन जाग येते. पाऊस सुरू झाला की कूलर बंद, एसी चालू.

पडदे जाड लावता, पण उजेड वरच्या फटीतून येतो. रॉड भिंतीपासून भिंतीपर्यंत आणि खिडकीच्या वर वीतभर लावा. लग्नसराईत शेजारी लॉन आहे का ते बघा. दुपारी साउंड चेक होतो, रात्री डीजे. विमानांचा आवाज त्या मानाने काहीच नाही. धावपट्टी १४/३२, म्हणजे वायव्य-आग्नेय. ती रेषा नकाशावर दोन्ही बाजूंना वाढवून बघा, घर तिच्या खाली नसलं की पुरे.

आणि बेलच्या वायरीत एक स्विच खोलीच्या आत घ्या. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि सकाळी अकराचा कुरियरवाला जाग आणणार नाही.