मदत हवी आहे : भारी जमिनीत पाणी मुरण्याची चाचणी कशी शिकवावी?

पावसाचा खंड असो की तासाभरात कोसळणारा पाऊस, जमीन पाणी किती वेगाने पिते हे ठाऊक नसेल तर कृषी सल्लागाराचा सल्ला अंदाजपंचेच. म्हणून प्रशिक्षणात कड्याची चाचणी ठेवली आहे. १५ सेंमी व्यासाचं लोखंडी कडं, वर लाकडी फळी ठेवून ७-८ सेंमी खोल ठोकायचं. आत प्लास्टिकचा कागद अंथरून ४४० मिली पाणी (२.५ सेंमीचा थर) ओतायचं, कागद अलगद ओढून वेळ मोजायची. पहिलं पाणी जमीन ओलवण्यातच जातं, त्यामुळे तुलनेला दुसऱ्या ओतण्याची नोंद धरतो.

घोळ होतो तो भेगाळलेल्या काळ्या जमिनीत. पाणी भेगेतून बघता बघता गडप होतं आणि प्रशिक्षणार्थी बिनधास्त लिहितात, ‘निचरा उत्तम’. भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी तुंबवते. शिवाय ठोकताना कडं हललं की कडेने पाणी निसटतं. बाहेर ओल दिसली तर नोंद रद्द, हे सांगूनही कोणी रद्द करत नाही!

अशा जमिनीत तुम्ही आदल्या दिवशी पाणी देऊन भेगा मिटू देता, की भेगेवरची आणि मधल्या ढेकळावरची अशी वेगळी नोंद घेता? एका शेतात किमान किती जागा? आणि एकाच जागी दोघांचे आकडे कितपत जुळले म्हणजे हात बसला समजायचं?

सेन्सर सुचवू नका, गटाकडे फक्त कडी आहेत.